दोन डाव्या पायांची चड्डी

मी शिवलेल्या पहिल्या चड्डीचे दोन्ही पाय डावे निघाले. शेवटची टीप मारून दोरा तोडेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. उलटी चड्डी सुलटी केली, झटकली, वर धरली, तर कमरेला पुढेही दीड इंचाची पायरी अन् मागेही दीड इंचाची पायरी. एका पायाची पाठ दुसऱ्या पायाच्या पोटाला जोडली गेली होती. पाच वर्षांच्या लेकीने ती तरीही हौसेने घातली, चार पावलं चालली आणि म्हणाली, "आई, ही चड्डी वळते आहे." सासूबाईंना मोतीबिंदूमुळे तेव्हा धड दिसत नव्हतं. त्यांनी चड्डी हातात घेऊन नुसती चाचपली आणि म्हणाल्या, "दोनी पाय एकाच अंगाचे कापले वं तू!" मग दोघी हसत बसलो. मला मात्र थोडं रडूही येत होतं, कारण त्या चड्डीत माझी अख्खी दुपार गेली होती.

आम्ही वर्ध्याचे. इथला उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना काही सांगायला नको. एप्रिलमध्येच पारा बेचाळीसच्या वर जातो, मे संपताना नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला की ४५-४६. त्या वर्षी पोरीच्या मानेवर, पाठीवर, कमरेच्या इलॅस्टिकखाली घामोळ्यांची नुसती रांगोळी उठली होती. कपाट उघडून बघितलं तर फ्रॉक चौदा, पण अंगात घालण्याजोगा एक नाही. वाढदिवसाला आलेले, लग्नात घेतलेले, सगळे चकचकीत. जाळी, साटीन, आत सरसरीत अस्तर. लेबलावर 'कॉटन' छापलेलं असलं तरी बाहेरचं कापड तेवढं सुती आणि अंगाला लागणारं अस्तर मात्र पॉलिस्टरचं. एकेकाळी हिंगणघाटचा कापूस त्या गावाच्या नावाने बाजारात ओळखला जायचा. त्याच जिल्ह्यात राहून पोरीच्या अंगात प्लास्टिक, हे मला फारच लागलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. कापूस हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. घरात ते लागू करायचं सुचलं नव्हतं, एवढंच.

पहिल्यांदा टेलरकडेच गेले. पण एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. त्याच्याकडे ब्लाऊजांचा ढीग छातीपर्यंत. लहान पोरीचे चार साधे सुती फ्रॉक म्हटल्यावर तो नाही म्हणाला नाही, "जूनमध्ये आणा" म्हणाला. जूनमध्ये पाऊस येतो.

घरात मशीन होती. सासूबाईंची काळी पायमशीन, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी अर्धी उडालेली. गेली दहा-बारा वर्षं तिच्यावर आधी टीव्ही, मग इस्त्रीचे कपडे आणि शेवटी पाण्याचा कॅन. कॅन उतरवला, झाकण उघडलं, चाक फिरवायला गेले तर चाक हलेना. मशीन दुरुस्तीवाले भाऊ घरी आले. त्यांनी सुईखालची पट्टी काढून आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, "खोबरेल कोणी टाकलं?" कोणीच कबूल केलं नाही. खोबरेल तेल हिवाळ्यात थिजतं, त्याला धूळ चिकटते आणि सगळ्या सांध्यांत लुकण भरल्यासारखं होतं. त्यांनी रॉकेलने धुवून काढली, मशीनचं तेल सोडलं, चामडी पट्टा दोन बोटं कापून ताणून बसवला. तीनशे रुपये घेतले आणि जाताना बजावलं, "आता रोज चालवा. बंद पडून मशीन खराब होते, चालून नाही."

रोज चालवा म्हणणं सोपं आहे. पायमशीनची खोड अशी की चाक तुमच्याकडे फिरलं तर मशीन शिवते, उलटं फिरलं तर दोरा गिळते. पायात लय नसली की चाक मधेच मागे जातं आणि टक्कन दोरा तुटतो. सासूबाईंनी दोरा काढूनच घेतला. "आधी कागदावर शिक." म्हणजे सुईत दोरा ओवायचाच नाही, पोरीच्या जुन्या वहीचं रेघांचं पान घ्यायचं आणि नुसत्या सुईने त्या रेघेवर भोकं पाडत जायचं. पहिलं पान पाहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं मुंग्या दारू पिऊन गेल्या. दोन संध्याकाळी मी एवढंच केलं. टाच खाली, मग चवडा, टाच, चवडा. हळू चालवणं हे जोरात चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. तिसऱ्या दिवशी पानावर वाटी पालथी घालून गोल काढला आणि त्या गोलावरून सुई फिरवली. गोलावर कळतं की डोळे सुईवर ठेवायचे नसतात. सुई तिची तिथेच राहते. बघायचं असतं तिच्या पुढच्या बोटभर रेघेकडे, जसं सायकलवर चाकाकडे बघत नाही तसं.

१९२४ साली कोणीतरी यंत्रांबद्दल छेडलं तेव्हा गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. आमच्या घरापासून सेवाग्राम आठ किलोमीटर, त्यामुळे ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. मशीनखाली दोऱ्याचा गुंता झाला की मला मात्र त्या अपवादाची शंका यायची.

गुंत्याचं एक सांगून टाकते, कारण माझे चार दिवस त्यात गेले. कापडाच्या वरच्या बाजूने टाका देखणा आणि पालथं केलं की खाली दोऱ्याचं घरटं. मी सारखी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, काढून बघायची, परत भरायची, बॉबिन केसचा इवलासा स्क्रू पिळायची. चूक वरच होती. वरचा दोरा ताण देणाऱ्या दोन चकत्यांच्या मधून जावा लागतो आणि कापड दाबून धरणारा फूट वर उचलला असेल तरच त्या चकत्या उघड्या असतात. मी फूट खाली ठेवून दोरा ओवत होते, त्यामुळे तो चकत्यांच्या वरूनच घसरत होता. फूट उचलून ओवला आणि घरटं गेलं. सुईची चपटी बाजू उलटी बसवली तर टाके सुटतात, हे त्या मानाने लवकर कळलं, कारण ते मशीनवाल्या भाऊंनी सांगून ठेवलं होतं.

आता कापड. माझा आधीचा समज असा की मऊ लागतं ते सुती. बाजारात पहिल्याच दुकानात मऊसूत कापड सव्वाशे रुपये मीटरने घेतलं, घरी आणलं आणि सवयीप्रमाणे कडेचे दोन धागे ओढून चिमट्यात धरून काडी लावली. सुताचा धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदासारखाच वास येतो आणि मागे राखाडी राख उरते, ती बोटाने चोळली की उडून जाते. माझ्या धाग्यांपैकी उभा तसा जळला. आडवा मात्र आकसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. म्हणजे ताणा सुती, बाणा पॉलिस्टर. दुकानदाराने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही, मीही नीट विचारलं नव्हतं. त्या कापडाच्या खिडक्यांच्या झालरी झाल्या. पुढच्या वेळी मगन संग्रहालयात गेले. १९३८ पासून वर्ध्यात खादीचं काम तिथे चाललंय. नैसर्गिक रंगातली दोन मीटर खादी तिथून घेतली आणि बाजारातून छोट्या पोपटांची छपाई असलेलं साधं कॉटन, तेही दोन मीटर.

दोन्हींचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, वेगळा, हे घरी आल्यावर कळलं. माझी खादी ३६ इंचांची, छापील कापड ४४ इंचांचं. कापड घेताना लांबी सगळेच विचारतात, पन्हा विचारायचं राहतं. पोरीच्या चड्डीचे दोन्ही पाय ४४ मध्ये शेजारी-शेजारी बसतात, ३६ मध्ये एकाखाली एक घ्यावे लागतात आणि हिशेब चुकतो.

कापड आणल्या आणल्या मला कात्री चालवायची होती. सासूबाई म्हणाल्या, "रातभर भिजू दे. आधी आटन, मग काप." मी भिजवलं, पिळलं नाही, नुसतं निथळून दोरीवर टाकलं. वर्ध्याच्या उन्हात दोन मीटर खादी अर्ध्या तासात वाळून कडक होते. इस्त्री करून मोजली तर १९२ सेंटीमीटर. आठ सेंटीमीटर पाण्यात गेले. न भिजवता फ्रॉक शिवला असता तर पहिल्या धुण्यानंतर तो पोरीच्या गुडघ्यावरून इंचभर वर सरकला असता.

सगळ्यात आधी उशीचा अभ्रा शिवला, कारण अभ्र्याला वळण नसतं. तीन सरळ टिपा आणि दुमडीच्या दोन. सूत साधं होतं, म्हणून १४ नंबरची सुई. तोच अभ्रा आज माझ्या उशीला आहे, एका कोपऱ्यात टीप इतकी वाकडी की तिथे उशी थोडी रुसल्यासारखी दिसते. दुसरा अभ्रा बरा झाला. तिसरा करायचा सासूबाईंनी आग्रह धरला, पण मला कंटाळा आला होता आणि मी थेट चड्डीवर उडी मारली. त्याचं फळ वर सांगितलंच.

तर चड्डी. पोरीची एक बऱ्यापैकी बसणारी जुनी चड्डी मधोमध दुमडून वर्तमानपत्रावर ठेवली आणि भोवती पेन फिरवलं. आजूबाजूने एक इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राहणारं जादा कापड, वर नेफ्यासाठी दीड इंच, खाली दुमडायला एक इंच. कमरेला पुढचा भाग मागच्यापेक्षा खोल कापायचा असतो, कारण बसलं की मागे जास्त कापड लागतं. हे मला जुनी चड्डी उलगडून बघेपर्यंत ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं चड्ड्या धुतल्या, वाळत घातल्या, घड्या घातल्या, पण पाहिल्या नव्हत्या. पहिल्या खेपेला मी कापड एकेरी पसरलं, कागद ठेवून एक पाय कापला, कागद सरकवून दुसरा कापला. कागद पालथा करायला हवा होता. दुसऱ्या खेपेला कापडच दुहेरी घातलं, छपाईची बाजू आत, वर कागद, चारी बाजूंनी टाचण्या. दोन्ही पाय एकदम कापले गेले आणि आपोआप एक डावा, एक उजवा.

पुढचं भराभर झालं. दोन्ही तुकड्यांच्या पुढच्या गोलाया एकमेकींना, मागच्या एकमेकींना. मग तो सगळा प्रकार फिरवून धरला की पुढची-मागची शिवण मध्यावर भेटते, आणि एका पायाच्या आतून सुरू करून दुसऱ्या पायाच्या आत एका दमात टीप मारत जाता येतं. गोलाईवर मायेला कात्रीच्या टोकाने छोटे छेद दिले, टिपेच्या अलीकडेपर्यंत, नाहीतर ते वळण सुलटं केल्यावर ओढून धरतं. नेफ्याला दोन बोटांची फट ठेवली. पोरीची कंबर २१ इंच, म्हणून इलॅस्टिक १९ घेतलं, टोकाला सेफ्टी पिन लावून नेफ्यातून सरकवलं. दुसरं टोक आत ओढलं जाऊ नये म्हणून त्याला कपड्याचा चिमटा लावून ठेवला. ही अक्कल एकदा अख्खं इलॅस्टिक आत गेल्यावर आली. अर्धा इंच एकावर एक ठेवून इलॅस्टिकची टोकं जोडली, फट बंद केली. पोरीने घातली, उकिडवी बसली, उठली, पळाली. वळत नव्हती.

हे सगळं मी पहाटे साडेपाच ते आठ या वेळात करायची. नंतर मशीनच्या लोखंडाला हात लागला तरी गरम लागायचं, आणि कूलर सुरू केला की कागदी बेत घरभर उडायचे. कापायच्या वेळी कापडाच्या चार कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता आणि दोन स्टीलचे तांबे. दुपारी लाईट गेली की शेजारची नवी विजेची मशीन बंद पडायची. आमची काळी मात्र चालूच.

फ्रॉक हे खरं शिकणं झालं, आणि तिथेच मी सासूबाईंशी भांडले. छाती २३ इंच. कापड दुमडून चौपदरी बेतायचं म्हणजे छातीचा चौथा भाग, पावणेसहा. मी त्यात अर्धा इंच ढिलाई मिळवली आणि मायेचा अर्धा. मोबाईलवर पाहिलेले ते नेटके, अंगासरशी बसणारे फ्रॉक माझ्या डोळ्यांपुढे होते. सासूबाईंनी टेप हाताने चाचपून आकडा विचारला आणि म्हणाल्या, "काहून इतकं चिकटून बेतून राहिली? हवा जाईन कुठून? दीड इंच ढिल दे, अन् वरून मायेचा एक." मी म्हटलं, "आई, पोतं होईल." त्या म्हणाल्या, "उन्हाळ्याचा कपडा अंगावर ठेवाचा, अंगाले लावाचा नाई."

मी ऐकलं नाही. जुन्या चादरीतून माझ्या मापाने नमुन्याचा फ्रॉक कापला, कच्च्या धावदोऱ्याने जोडला आणि पोरीच्या अंगात घातला. आरशात छान दिसला. दहा मिनिटांत पाठीवर ओला चौकोन उठला. ढिलं कापड हालचालीबरोबर हलतं, आतली दमट हवा बाहेर ढकलतं, घाम वाळतो. घट्ट कापड, सुती असलं तरी, भिजून चिकटतं आणि मग त्याचा काही उपयोग नाही. बाष्पीभवनावर मी वर्गात दोन तास घेते. खादी मी सव्वाआठवरच कापली.

त्या सव्वाआठची दुसरी गंमत शिवताना कळली. अंगासरशी बेतलेल्या कपड्यात पाव इंच इकडे-तिकडे झालं की लगेच दिसतं. ढगळ कपड्यात माझी वाकडी टीप, कमी-जास्त दुमड, सगळं खपून जातं. नवशिक्याने उन्हाळ्यातच शिकायला घ्यावं असं मला वाटतं ते यासाठी. हिवाळ्यात मी जॅकेटपासून सुरुवात केली असती तर त्याच हिवाळ्यात सोडलं असतं.

पण ढगळपणात गळा खपत नाही. चौपदरी घडीवर गळ्याची रुंदी अर्धीच घ्यायची असते. घडी उलगडली की ती दुप्पट होते, हे तोंडपाठ असूनही मी पूर्ण चार इंच मांडले. उलगडलं तर गळा आठ इंच रुंद, आणि दोन्ही खांद्यांवर जेमतेम एकेक इंचाची पट्टी उरलेली. जिवावर उदार होऊन घेतलेली नैसर्गिक रंगाची खादी! सासूबाईंना सांगायची छाती होईना. शेवटी त्यांनीच विचारलं, "कात्रीचा आवाज बंद कायले झाला?"

उपाय त्यांचाच. गळ्याला उरेब पट्टी लावून तिचाच नेफा कर आणि नाडी ओव. उरेब म्हणजे काय ते मला त्या दिवशी हाताला कळलं. खादीचा एक चौकोन घेतला, उभा ओढला, ताणला नाही. आडवा ओढला, नाही. मग समोरासमोरचे कोपरे धरून ओढला तर रबरासारखा लांबला. विणीचे चौकोन तिरके होतात ना, म्हणून. त्या तिरप्या रेघेवर खडूने खुणा करून सव्वा इंचाच्या पट्ट्या कापल्या, टोकाला टोक जोडून लांब केल्या. गळ्याच्या गोलाईवर सरळ पट्टी लावली असती तर तिच्या चुण्या पडल्या असत्या. ही मात्र नुसत्या बोटाच्या ओढीने वळणाबरोबर वळत गेली. सुलट्या बाजूने टीप, मग पट्टी आत दुमडून दुसरी टीप, पुढे मध्यावर दोन काजं, त्यातून त्याच कापडाची नाडी. नाडी ओढली की आठ इंचांचा गळा चुण्या घेऊन गोळा होतो आणि खांद्यावर नीट बसतो. टेलरने बघून विचारलं, "हा गळा कुठल्या फोटोवरून घेतला?" मी काही बोलले नाही.

पोपटांच्या कापडाचा फ्रॉक करताना मी फार हुशारी केली. खांद्याची शिवण वाचवावी म्हणून खांदा घडीवर ठेवून पुढचं-मागचं एकाच तुकड्यात कापलं. पुढून पोपट ताठ, आणि मागे सगळे उलटे लटकलेले. शेजारच्या मुलाने लगेच दाखवून दिलं. पोरीने त्याला ठणकावून सांगितलं, "मागे वटवाघळं आहेत." त्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त धुतला गेला तो हाच फ्रॉक.

स्वतःसाठी एकच गोष्ट केली, सासूबाईंच्या जुन्या सुती पातळाचा कुर्ता. नव्या खादीला हात लावायची माझी हिंमत नव्हती आणि त्या म्हणाल्या, जुनं पातळ शंभरदा धुतलेलं, आता आटायचं काही राहिलं नाही, तान्ह्या लेकराची झबली उगाच जुन्या लुगड्याची नाही करत. ते हातात धरलं की खरंच पाण्यासारखं सुटत होतं, आणि त्यामुळेच कात्रीखाली सरकतही होतं. पेज करून हलकी खळ दिली, इस्त्री केली, मग कापलं. सुई ११ नंबरची, कारण चौदाने इतक्या तलम कापडाला भोकं दिसतात. बाही वेगळी न जोडता अंगातूनच काढली. दिसायला सुटसुटीत. पहिल्याच दिवशी माळ्यावरून लोणच्याची बरणी काढायला हात वर केला आणि काखेत चर्र झालं. काखेच्या कोपऱ्यावर सगळी ओढ येते, तिथे कापड पुरत नाही. फाटलेल्या जागी चार इंचांचा चौकोन तिरका बसवला, एक टोक बाहीकडे, एक अंगाकडे. दुसऱ्या काखेत फाटायच्या आधीच बसवला. आता हात कुठेही जातो. जुन्या पद्धतीच्या कुडत्यांना काखेत असा तुकडा का असतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

खर्च मांडला तर चार फ्रॉक, तीन चड्ड्या, अभ्रे आणि कुर्ता मिळून दुकानातल्या दोन बऱ्या फ्रॉकांएवढे पैसे लागले, मशीनची दुरुस्ती धरून. वेळ धरला तर हिशेब मांडूच नये. उसवण्यातच निम्मा गेला. उसवायला मी आधी ब्लेड वापरायची, दोनदा कापडच कापलं, मग वीस रुपयांची ती दोन टोकांची उसवणी आणली. टाचण्यांसाठी चुंबक ठेवलाय, कारण एक टाचणी नवऱ्याच्या टाचेत सापडली आणि त्यानंतर दोन दिवस घरात शिवणकामाला विरोध होता.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या टिपा डोळ्यांनी पाहिल्या. खादीच्या फ्रॉकची खालची दुमड बराच वेळ बोटांवरून फिरवली. "हाताले बरी लागत होती," एवढंच म्हणाल्या.

यंदा मार्चमध्ये पेटीतून ते कपडे काढले. पोरीची उंची तीन बोटं वाढलीय. पोपटांचा फ्रॉक तिच्या धाकट्या मावसबहिणीकडे गेला. खादीचा काखेत थोडा ओढत होता, म्हणून दोन्ही बाजूंची शिवण उसवून मायेतला पाऊण-पाऊण इंच सोडला. बाहेरचा रंग उन्हाने उतरलाय, आत दडलेला पट्टा अजून नव्यासारखा गडद, त्यामुळे दोन्ही कुशींना बोटभर रुंदीची उभी रेघ दिसते. तिने विचारलं, ही कशाची रेघ. म्हटलं, मागच्या वर्षी फ्रॉक इथपर्यंत होता. तिला ते फारसं पटलं नाही. चड्ड्यांचं कापड ठणठणीत होतं, पण इलॅस्टिक नेफ्यात सैल पडून चिकट झालं होतं, हाताने ओढलं तर परत आलंच नाही. काल तिन्ही नेफे उसवले. आता इलॅस्टिक साडेएकवीसचं घेतलंय.